काडतुसांचा पावसाळी रोग

काडतूस हा शब्द कानांवर पडला कीं मराठी वाचकाचें मन सरळ १८५७ सालाकडे धांव घेतें. एनफील्ड बंदुकीचें तें कागदी काडतूस, त्याला चोपडलेली चरबी आणि तें दातांनीं तोडण्याच्या हुकुमावरून उसळलेला असंतोष, ही हकीकत शाळेंतल्या मुलांसहि पाठ असते. शब्द आपणांकडे आला तो पोर्तुगीजांकरवीं, आणि त्याच्या मुळाशीं कागदाची सुरळी हाच अर्थ आहे. परंतु इंग्रजांच्या ह्याच हिंदुस्थानी कोठारांत पुढें आणखी एक काडतूस बिघडलें, त्याची हकीकत मात्र इतिहासाच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. धातुशास्त्राच्या ग्रंथांत ती एखाद्या परिच्छेदांत आटोपलेली असते. ह्या काडतुसाला चरबी नव्हती आणि कागदहि नव्हता. तें पितळेचें होतें, आणि कोणीं हात न लावतां, पेटींत पडल्या पडल्या, तें आपोआप तडकत असे. तें कां तडकतें ह्याचा उलगडा व्हावयास १९२१ साल उजाडावें लागलें. त्यासाठीं एक फार जुनी कारागिरी, म्हणजे धातु वांकविण्यापूर्वीं व वांकविल्यानंतर तापवून मऊ करण्याची रीत, शास्त्रज्ञांस नव्यानें समजून घ्यावी लागली.

कागदाची जागा पितळेनें घेतली ती एका दिवसांत नव्हे. १८५७ च्या बंदुका नळीच्या तोंडाकडून ठासावयाच्या असत. मागच्या बाजूनें भरावयाच्या बंदुका निघाल्या तेव्हां एक नवीनच अडचण उभी राहिली. दारू पेटली कीं वायु जसा पुढें जातो तसा मागेंहि येतो, आणि मागें शिपायाचा डोळा असतो. ह्या वायूस अडवावयाचें कोणीं? ह्याचें उत्तर पितळेनें दिलें. पितळेचें पातळ नळकांडें दारूच्या दाबानें क्षणभर फुगतें, नळीच्या भिंतीस घट्ट चिकटतें आणि मागची वाट बंद करतें; दाब सरतांच तें किंचित् आकसून मोकळें होतें, म्हणून सहज बाहेर ओढतां येतें. फुगणें आणि आकसणें हे दोन्ही गुण एकाच तुकड्यांत हवेत. शिशासारखा नरम धातु फुगेल, पण आकसणार नाहीं. फार कडक धातु फुगण्याऐवजीं फुटेल.

वुलिचच्या सरकारी शस्त्रशाळेंतील बॉक्सर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८६६ सालीं स्नायडर बंदुकीसाठीं जें काडतूस बनविलें, त्याचें अंग पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून केलेलें होतें. म्हणजे कागदाची सुरळी जाऊन पितळेची सुरळी आली, इतकेंच. १८७१ सालच्या मार्टिनी-हेन्री बंदुकीसहि तसलेंच काडतूस मिळालें. हें प्रकरण लेचेंपेचें होतें. १८८४-८५ च्या सुदानच्या मोहिमेंत वाळूनें व उष्णतेनें तीं नळकांडीं बंदुकींत अडकून बसूं लागलीं, आणि त्यानंतर एकसंध, ओढून केलेल्या नळकांड्यांचा आग्रह धरला गेला. १८८८ मध्यें ब्रिटिश सैन्यानें ली-मेटफर्ड ही लहान व्यासाच्या नळीची बंदूक स्वीकारली, तिचें काडतूस अशाच एकसंध नळकांड्याचें होतें.

हें ‘ओढणें’ काय असतें तें पाहिल्यावांचून पुढची कथा समजावयाची नाहीं. शंभर भागांत सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त अशा पितळेस इंग्रजींत काडतुसी पितळ असेंच नांव पडून गेलें आहे. त्याच्या पट्टींतून प्रथम एक जाड चकती कापतात. ती भोंकदार साच्यावर ठेवून वरून दट्ट्या दाबला कीं तिची वाटी होते. तीच वाटी अधिक अरुंद साच्यांतून दाबली कीं पेला होतो. आणखी अरुंद साचा, आणखी उंच पेला. असें करतां करतां अखेरीस बोटभर लांबीची नळी तयार होते. प्रत्येक खेपेस भिंत पातळ होते व उंची वाढते, बूड मात्र जाड राहतें. मग त्या बुडावर कारखान्याचा शिक्का उठवून मध्यभागीं ठिणगीची टोपी बसविण्यापुरता खळगा करतात, आणि शेवटीं तोंडाकडचा भाग आंवळून गोळीच्या मापाची मान काढतात.

पण चकतीची नळी एका दमांत कधींच होत नाहीं. ओढतां ओढतां पितळ असें कांहीं हट्टास पेटतें कीं, आणखी दाबल्यास तें चिरावें. म्हणून दोन ओढींच्या मध्यें त्या साऱ्या वाट्या भट्टींत घालून चांगल्या लाल होईपर्यंत तापवितात. बाहेर काढाव्या तों पितळ पुन्हां पहिल्यासारखें मऊ. मग आम्लाच्या पाण्यांत धुवून वरचा काळेपणा काढावयाचा, आणि पुन्हां साच्याकडे न्यावयाचें. शास्त्रीय परिभाषेंत ह्या तापविण्यास अनुशीतन म्हणतात. शब्द चांगला आहे, परंतु त्यांत ‘शीत’ आहे आणि आंच नाहीं, म्हणून ह्या लेखापुरतें आपण त्यास साध्या भाषेंत ‘मऊ पाडणें’ म्हणूं.

ही युक्ति वुलिचच्या कारखान्यांत जन्मलेली नव्हे. पुण्याच्या तांबट आळींतून जो कधीं पायीं गेला असेल, त्याच्या कानांत मठारकामाचा तो एकसारखा ठणठणाट अजून घुमत असेल. तांबट पत्र्यावर हातोडीचे ठोके घालीत हंडा, घंगाळ, तपेलें घडवितो. ठोक्यांनीं तांबें कडक होतें व भांड्यास बळकटी येते. शेवटच्या मठारण्याचा शोभेखेरीज हाहि हेतु असतो. पण घडण चालूं असतां तीच बळकटी आडवी येते, तेव्हां भांडें भट्टींत घालून लाल करावें लागतें.

येथें एक मौज आहे. लोहार पोलादाचें पातें लाल करून पाण्यांत बुडवितो तें त्यास कडक करण्यासाठीं. त्यास आपण पाणी पाजणें म्हणतों, आणि तरवारीस पाणीदार म्हणतों तेंहि ह्याच कामावरून. तांब्याचें भांडें तसेंच लाल करून तसेंच पाण्यांत बुडविलें, तर तें मऊ निघतें! आग तीच, पाणी तेंच, फळ मात्र उलट. पोलाद मऊ पाडावयाचें तर तें राखेंत पुरून सावकाश निवूं द्यावें लागतें. तांब्यापितळेस निवण्याच्या वेगाचें सोयरसुतक नाहीं. जुन्या बंदुका हौसेनें दुरुस्त करणारे लोक पाश्चात्त्य देशांत आजहि पुष्कळ आहेत. एखादी कमान किंवा पट्टी वांकविण्यापूर्वीं त्यांच्यापुढें पहिला प्रश्न हाच असतो कीं, तुकडा पोलादाचा कीं पितळेचा. कारण एकाचा नियम दुसऱ्यास लावला तर मऊ पडावयाचा तुकडा कांचेसारखा ठिसूळ होऊन बसतो.

तापविल्यानें धातु मऊ कां व्हावा, हें हजारों वर्षें कोणास ठाऊक नव्हतें, आणि त्यावांचून कोणाचें अडलेंहि नाहीं. १८६४ च्या सुमारास शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी ह्यानें झिलई केलेला व आम्लानें किंचित् खाल्लेला पोलादाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तेव्हां धातूच्या पोटांतील रचना माणसास नीट दिसूं लागली. खडीसाखरेचे खडे एकमेकांस चिकटून असावेत तसा धातु हा कणांचा बनलेला असतो. ठोकल्यानें वा ओढल्यानें ते कण लांबट, पिचलेले होतात. पुरेसें तापविलें कीं त्यांच्या जागीं नवे, निर्दोष कण वाढूं लागतात. ह्याच्याहि आंत काय घडतें तें १९३४ मध्यें टेलर, ओरोवान आणि पोलान्यी ह्या तिघांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें मांडलें. कणांतील अणूंच्या रांगांत कांहीं दोषरेषा असतात. त्या सरकतात म्हणून धातु वांकतो. वांकवितां वांकवितां त्यांची संख्या बेसुमार वाढते, त्या एकमेकींत गुंततात आणि सरकणें बंद पडतें. कडकपणा म्हणजे हा गुंता, आणि आंच म्हणजे तो सोडविणारा हात.

परंतु ओढलेल्या धातूंत ह्या गुंत्याखेरीज आणखी एक गोष्ट शिल्लक राहते. नळी साच्यांतून जातांना तिचा बाहेरचा थर व आंतला थर सारखे ताणले जात नाहींत. एकास अधिक लांब व्हावयाचें असतें, दुसऱ्यास आंखडावयाचें असतें. पण दोघेहि एकमेकांस जखडलेले, तेव्हां कोणाचेंच मनाजोगें होत नाहीं. अबोला धरलेल्या एकत्र कुटुंबासारखी ही स्थिति असते. बाहेरून पाहणाऱ्यास घर स्वस्थ दिसावें, आंत मात्र अष्टौप्रहर ओढाताण. ह्या अंतर्गत ताणाचें चिन्ह पितळेवर कोठेंच दिसत नाहीं, आणि आपल्या कथेंतील अर्धा अपराध त्याचा आहे.

अर्धा अपराध पावसाळ्याच्या मुक्कामाचा. पावसाळ्यांत मोहिमा थंडावत. दारूगोळा कोठें तरी कोरड्यांत, छपराखालीं ठेवणें प्राप्त होतें. छावणींत पागेइतकें ऐसपैस छप्पर दुसरें कोणतें असावयाचें? गोष्ट अशी सांगतात कीं, काडतुसांच्या पेट्या घोड्यांच्या पागांत रचून ठेवीत, आणि पाऊस सरल्यावर त्या उघडल्या म्हणजे पुष्कळशा नळकांड्यांस चिरा पडलेल्या दिसत; विशेषतः जेथें मान गोळीभोंवतीं आंवळलेली असते तेथें. न झाडलेलीं, न हाताळलेलीं, कोरीं काडतुसें.

चिरलेल्या नळकांड्यानें दुहेरी घात होतो. आंतल्या दारूस दमट हवा लागते, मग ती नीट पेटेल ह्याचा भरंवसा नाहीं. आणि पेटलीच तर जो वायु अडवावयाचा, तोच चिरेंतून वाट काढतो. शिपाई गोरा असो वा हिंदी, तो पेटींतून काडतूस काढून बंदुकींत सरकवितो तेव्हां त्याच्या मानेवरची केसासारखी चीर न्याहाळीत बसत नाहीं. पितळ उघडें पडणें हा वाक्प्रचार आपण माणसांच्या सोंगाढोंगाविषयीं वापरतों. ह्या कोठारांत तो अक्षरशः खरा झाला, आणि त्याची किंमत ज्यानें द्यावयाची त्याचा त्या पितळेच्या घडणीशीं कांहींहि संबंध नव्हता.

इंग्रजांनीं ह्या रोगास ‘सीझन क्रॅकिंग’ असें नांव दिलें. सीझन म्हणजे ऋतु. तेव्हां तें पावसाळ्यावरून पडलें असें एक मत आहे. इमारती लांकूड मुरवितांना त्यास ज्या भेगा पडतात त्यांसाठींहि इंग्रजींत हाच शब्द चालतो, म्हणून तें सुतारांकडून आलें असें दुसरें. मला पहिलें मत अधिक रुचतें. पण रुचणें हा पुरावा नव्हे. एवढें खरें कीं, रोगाचें नांव कित्येकदां निदानाच्या आसनावर जाऊन बसतें. पावसाळ्यांत घडतें, तेव्हां दोष पावसाळी हवेचा, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु नुसत्या दमटपणानें पितळ तडकत असतें, तर कोंकणांतल्या घराघरांतील पितळी घागर दर आषाढांत फुटावयास हवी होती. तशी ती फुटत नाहीं, हें कोणत्याहि कोंकणी आजीबाईस ठाऊक आहे.

निदानाची पहिली पायरी हिंदुस्थानांत चढली गेली नाहीं, आणि इंग्लंडांतहि नाहीं. बर्लिनचे प्राध्यापक हाइन हे धातूंच्या अंतर्गत ताणाचे मोठे अभ्यासक होते. ताण डोळ्यांस दिसत नाहीं, मग मोजावयाचा कसा? त्यांनीं सळईचे बाहेरचे थर एकामागून एक कातून काढले आणि प्रत्येक थर गेल्यावर उरलेल्या सळईची लांबी किती बदलली तें मोजलें. जखडणारा गेला कीं जखडलेला आपली खरी लांबी घेतो. तिच्यावरून कोण कोणास किती ओढीत होता तें कळतें. १९१४ च्या मे महिन्यांत लंडनच्या धातुविद्यासंस्थेनें ह्या जर्मन पंडितांस आपल्या वार्षिक व्याख्यानासाठीं बोलाविलें, आणि थंड अवस्थेंत घडविलेल्या धातूंतील ताण व त्यांतून उद्भवणारीं विघ्नें हाच विषय त्यांनीं मांडला. ऑगस्टांत दोन्ही राष्ट्रें एकमेकांवर तोफा डागूं लागलीं, आणि ह्या विषयाचें महत्त्व एकाएकीं काय वाढलें तें सांगावयास नको. १९१६ च्या जूनअखेर, सोमच्या लढाईपूर्वीं, ब्रिटिश तोफांनीं एका आठवड्यांत सुमारें १५ लक्ष गोळे झाडले. त्यांतील मोठा भाग अठरा पौंडी तोफांचा होता, आणि त्या तोफेच्या प्रत्येक गोळ्यामागें एक पितळी नळकांडें असे.

उलगडा केला तो वुलिचच्याच संशोधन विभागानें. हॅरल्ड मूर आणि बेकिन्सेल ह्या दोघांनीं १९२० मध्यें ७०:३० पितळेंतील अंतर्गत ताण मंद आंचेनें काढून टाकण्याविषयीं निबंध प्रसिद्ध केला. आणि १९२१ मध्यें मॅलिन्सन ह्यास जोडीस घेऊन पितळेच्या ह्या तडकण्याची संपूर्ण मीमांसा मांडली. सार असें कीं, ताण एकटा पितळेस तडकवीत नाहीं, आणि अमोनियाहि एकटा तडकवीत नाहीं. दोघे एकत्र आले, जोडीला ओलावा व हवा असली, म्हणजे पितळ चिरतें. अमोनिया फार लागतो असेंहि नाहीं. त्याचा अल्पसा अंशहि सवड मिळाल्यास पुरतो.

आणि अमोनिया कोठून आला? घोड्यांच्या मूत्रांतून. मूत्रांतील द्रव्य सडून त्यांतून हा वायु सुटतो. पागेंत शिरतांच जो उग्र दर्प नाकाडोळ्यांस झोंबतो तो ह्याचाच. आपल्या घरांतहि त्याचा एक आप्त येऊन जात असे. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर कापसाच्या बोळ्यानें नवसागर फिरवी आणि पांढऱ्या धुराबरोबर नाकांत जो झणका जाई, त्या नवसागराचें अर्धें अंग अमोनियाचेंच असतें. तांब्यास ह्या वायूचें मोठें आकर्षण आहे. पाण्यांत मिसळलेल्या अमोनियांत तांब्याचा कीस टाकून हवा लागूं दिली, तर पाणी मोराच्या मानेसारखें गर्द निळें होतें. तांबें त्यांत विरघळत जातें. पितळेच्या बाबतींत हा हल्ला सगळ्या पृष्ठभागावर सारखा होत नाहीं, तो कणाकणांमधल्या सांध्यांत शिरतो. सांधा जरासा पोखरला कीं आंतला ताण, जो आजवर कोंडून पडलेला होता, तो त्याच जागीं जोर करतो. चीर थोडी उघडते, ताजें पितळ उघडें पडतें, पुन्हां अमोनिया आंत शिरतो. दोन चोरांपैकीं एकानें कुलूप खिळखिळें करावें आणि दुसऱ्यानें दार ओढावें, तसें हें चालतें. शुद्ध तांबें ह्या जोडीस सहसा दाद देत नाहीं, आणि जस्त शेंकडा १५ च्या खालीं असेल तर पितळेसहि फारसें भय नसतें. काडतुसी पितळेंत तें ३० असतें.

निदान झाल्यावर उपाय सोपा वाटतो: ताण नको ना, मग करा लाल आणि पाडा मऊ. परंतु येथेंच खरी मेख होती. तयार नळकांडें लाल होईपर्यंत तापविलें तर तें अंगभर मऊ पडतें, बुडाची ताकद जाते, आणि दारूच्या दाबानें फुगल्यावर तें आकसत नाहीं. म्हणजे पुन्हां सुदानची गत, नळकांडें बंदुकींत अडकून बसावयाचें. मऊ पाडावें तर रणांत अडतें, न पाडावें तर पागेंत तडकतें. तांबटाच्या भट्टींत ह्या पेंचाचें उत्तर नव्हतें, कारण तांबटास ताण आणि कडकपणा ह्या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत असें समजण्याचें कधीं कारणच पडलें नव्हतें. त्याच्या आगींत दोन्ही एकदम जात.

त्या दोहोंची फारकत करतां येते, ही मूर आणि बेकिन्सेल ह्यांच्या कामांतील सर्वांत मोलाची गोष्ट असें मला वाटतें. पितळ सुमारें २५० ते ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून कांहीं वेळ तेथेंच ठेवलें, तर अंतर्गत ताण बहुतेक नाहींसा होतो, परंतु कण जसेच्या तसे राहतात व कडकपणा टिकतो. ओढाताण मिटते आणि बळकटी शाबूत राहते. ह्या आंचेस पितळ लाल होत नाहीं. गडद अंधारांतहि त्याचा अंगार दिसत नाहीं. धातूंत लाली येऊं लागते ती ५०० अंशांच्या आसपास. तोंवर कारागिरांचा सारा हिशेब रंगावर चालत आलेला होता, आणि जी आंच ह्या रोगास उतारा होती ती नेमकी रंगापलीकडची, केवळ उष्णतामापकानें ओळखावयाची होती. नळकांड्याच्या मानेची गोष्ट थोडी निराळी. तिला गोळी घट्ट धरून ठेवून शिवाय वर्षानुवर्षें न चिरतां राहावयाचें असतें, म्हणून तिला स्वतंत्रपणें ज्योतीवर फिरवून मऊ पाडतात, आणि त्या वेळीं बूड थंड राहील अशी काळजी घेतात. बोटभर नळी, पण बुडाचा न्याय वेगळा आणि मानेचा वेगळा.

येथें कल्हईवाल्याकडे पुन्हां वळण्याचा मोह होतो. कथील वितळतें २३२ अंशांस. तेव्हां कल्हईसाठीं भांडें त्याहून थोडें अधिक तापवावें लागतें, म्हणजे ज्या आंचेस ताण सुटूं लागतो तिच्याच शेजारीं तो भांडें नेऊन ठेवतो. नवसागराच्या रूपानें अमोनिया भांड्यास लागतो त्याच घटकेस भांड्यांतला ताण उतरलेला असतो. घरोघरची पितळी पातेलीं कल्हईवाल्याच्या हातून वर्षानुवर्षें सुखरूप सुटत आलीं, ह्याचें हें एक कारण असावें असा माझा तर्क आहे. बिचाऱ्याच्या मनांत भांडें पांढरें करण्यापलीकडे कांहीं नसे.

इतका साधा उलगडा व्हावयास एवढीं वर्षें कां लागावीं, असा प्रश्न कोणीहि विचारील. मला वाटतें, त्याचें उत्तर धातुशास्त्रापेक्षां छावणीच्या रचनेंत अधिक आहे. पागेंतला झणका मोतद्दारास ठाऊक होता. चिरा कोठारावरच्या अंमलदारास ठाऊक होत्या. साच्यांतून निघणारें पितळ कसें हट्टास पेटतें तें कारखान्यांतल्या मजुरास ठाऊक होतें. आणि ताण बर्लिनच्या प्राध्यापकांस. चौघांपैकीं कोणासहि दुसऱ्याशीं बोलण्याचा प्रसंग नव्हता, आणि मोतद्दारास काडतुसांविषयीं कोणी कांहीं विचारील ही तर त्या काळीं कल्पनाच नको. उलगडा झाला तोंवर घोड्यांचाहि काळ सरत आला होता. १९३८ पासून हिंदुस्थानी घोडदळाचीं पथकें घोडे सोडून मोटारींवर चढूं लागलीं.

पुण्याजवळ खडकीस १८६९ सालीं स्थापन झालेला दारूगोळ्याचा कारखाना मात्र चालूच राहिला. ‘के. एफ.’ हीं त्याचीं अक्षरें बुडावर उठविलेलीं जुनीं नळकांडीं संग्राहकांच्या पेट्यांतून दूरदूरच्या देशांत आढळतात. २०२१ मध्यें हा कारखाना म्युनिशन्स इंडिया ह्या सरकारी कंपनीकडे गेला, आणि तिचें मुख्य ठाणेंहि पुण्यासच आहे. पितळेचा तो रोगहि अगदीं संपलेला नाहीं. गोठ्यांतील पाण्याच्या नळांचीं पितळी जोडकामें, खताच्या कोठारांतील पितळी सामान, फार घट्ट पिळलेल्या नळाच्या पितळी चाक्या, ह्यांवर तो अधूनमधून उमटतो. कारणें तींच असतात, ताण आणि अमोनिया. फक्त घोडा नसतो.

मानेच्या मऊ पाडण्याची खूण काडतुसावर दिसते. ज्योत जेथवर पोंचली तेथवर पितळेवर निळसर-तपकिरी छटा उमटते. शिकारीच्या काडतुसांवरून ती घांसून पुसून टाकतात, अमेरिकन सैन्याच्या काडतुसांवर ती मुद्दाम राहूं देतात. मंद आंचेनें ताण उतरविल्याची मात्र डोळ्यांना पटेल अशी खूण नसते. ती ओळखण्यासाठीं पूर्वीं पाऱ्याच्या एका क्षाराच्या द्रावांत नमुना बुडवीत. ताण उरला असेल तर कांहीं मिनिटांतच पितळ चिरे. पारा विषारी, म्हणून पुढें दुसरी परीक्षा पुढें आली. आतां नमुन्याचें नळकांडें बंद पात्रांत ठेवून त्यांत अमोनियाची वाफ सोडतात, आणि ठरलेल्या तासांनंतर तें बाहेर काढून भिंगाखालीं त्याची मान तपासतात.